गाडी आली, माल उतरवला, भिंतीला टेकवला: सुतारकामाचा माल इथेच बिघडतो

साइटवर गेलो की मी आधी काम बघत नाही, माल कुठे आणि कसा ठेवलाय ते बघतो. तिथेच कळतं पुढे किती भांडणं होणार आहेत. प्लाय पोट काढते, दारं पीळ धरतात, सनमायकाचे कोपरे मोडतात, आणि मग सगळे मिळून दुकानदाराला शिव्या देतात. दुकानदार चुकतोही कधीकधी. पण बहुतेक वेळा माल गाडीतून उतरवताना ज्या पंधरा मिनिटांत कोणी डोकं चालवलं नाही, ती पंधरा मिनिटं चुकलेली असतात. "सध्या इथे ठेवा, नंतर बघू." नंतर कोणी बघत नाही. माल संपेपर्यंत तो तिथेच असतो.

शीट भिंतीला टेकवणं

माझा सगळ्यात मोठा राग या गोष्टीवर आहे, आणि त्याला कारण आहे.

एका कामावर 18 मिमी एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) नऊ शीट भिंतीला टेकवलेल्या होत्या, जवळजवळ उभ्याच. त्यांच्या मागे 12 मिमीची प्लाय. दुपारी प्लाय लागली. माझ्या हाताखाली एक पोरगा होता, कामाला चटपटीत. "मागची एक काढ रे," असं मीच त्याला सांगितलं आणि खालच्या मजल्यावर मापं घ्यायला गेलो. त्याने काय केलं, तर पुढच्या नऊच्या नऊ शीट स्वतःच्या अंगावर झुकवून घेतल्या आणि दुसऱ्याला म्हणाला, ओढ मागून.

आता हिशेब करा. आठ बाय चारची 18 मिमी एमडीएफ म्हणजे जवळपास 40 किलो. नऊ म्हणजे 360. जोपर्यंत शीट भिंतीकडे कललेल्या असतात तोपर्यंत वजन भिंत आणि जमीन घेते, आणि हाताला काहीच लागत नाही. त्या सरळ उभ्या येईपर्यंत तर एका बोटाने हलतात. फसवणूक इथेच आहे. उभ्या रेषेच्या चार बोटं पुढे आल्या की वजन अंगावर यायला लागतं, आणि मग ते दर बोटाला वाढत जातं. ते परत मागे ढकलणं एका माणसाचं काम नाही, दोघांचंही नाही. पोरगा मागे सरकला, तर मागे हत्यारांची पेटी. पाय पेटी आणि शीटच्या मध्ये. आवाज मला खाली ऐकू आला. वर गेलो तेव्हा तो भिंतीसारखा पांढरा पडला होता, कानावरची पेन्सिल मात्र जागच्या जागी. नडगीचं हाड मोडलं होतं. तीन महिने घरी बसला. चूक त्याची नव्हती, थप्पी तशी लावू देणाऱ्या माझी होती.

तेव्हापासून माझा नियम: शीट आडव्याच. खाली लाकडाचे गुटके, सगळे एकाच जाडीचे, आठ फुटांना पाच. दोन गुटक्यांवर शीट ठेवणाऱ्यांना मी विचारतो, मधलं पोट काय हवेवर उभं राहणार? सगळ्यात खाली एक टाकाऊ शीट टाकतो, म्हणजे खरचटायचं ते तिला खरचटतं. आणि जी शीट आधी लागणार ती वर. म्हणजे उतरवण्याचा क्रम कापण्याच्या यादीच्या उलटा. यादीच तयार नसेल तर माल मागवायची घाई कशाला केली, असा माझा पुढचा प्रश्न असतो.

जागाच नसेल तर उभ्या ठेवा, पण तिरक्या घोडीवर (शीट कलत्या ठेवायच्या चौकटीवर), दोरी किंवा साखळी बांधून, एका घोडीवर एकाच मापाच्या, आणि काढायची ती फक्त पुढची. मागची हवी असेल तर पुढच्या एकेक करून हलवायच्या. वेळ जातो. जाऊ दे.

आडव्या थप्पीचाही एक धोका आहे, तो नवखे ठेकेदार हमखास विसरतात. पन्नास शीट म्हणजे दोन टन, तेही तीन चौरस मीटर जागेत. राहत्या घराच्या स्लॅबवर चालत्या भाराचा, म्हणजे माणसं आणि सामानाच्या वजनाचा, हिशेब साधारण चौरस मीटरला 150 ते 200 किलोच्या आसपास धरलेला असतो. खोलीच्या मधोमध डोंगर रचू नका. दोन-तीन खोल्यांत वाटा, बीमजवळ ठेवा, आणि स्लॅब नवा असेल, खाली टेकू असतील, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक फळीही वर चढवू नका.

प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधून ठेवणं

माल जपायचा म्हणून जे लोक फळ्यांना चारी बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळतात, ते लोणचं घालतात. आतला ओलावा आतच राहतो, दिवसा वाफ, रात्री पाणी. मी एकदा कपाटाच्या भरीव दारांच्या फळ्या अशा बांधल्या होत्या. खोलीचं प्लास्टर होऊन जेमतेम आठ दिवस झालेले. मालकाला घाई होती आणि खरं सांगायचं तर मलाही. दीड महिन्याने सोडल्या तर खालच्या फळ्यांवर काळे डाग आणि बुरशीचे पांढरे धागे. वरच्या बऱ्या दिसल्या म्हणून त्या वापरल्या, हा दुसरा शहाणपणा. घर वाळलं तसं लाकूडही वाळलं आणि दारांच्या सांध्यांत नाणं जाईल एवढ्या फटी पडल्या. दारं पुन्हा बनवून दिली, माझ्या खिशातून.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, आणि खोडाच्या वलयांना धरून कापलेल्या फळीत ते उभ्या कापाच्या, म्हणजे वलयांना काटकोनात कापलेल्या, फळीपेक्षा जवळपास दुप्पट हलतं. म्हणून चौकटीची उंची बरोबर राहते आणि दार मात्र अडकतं. घराच्या आतल्या कामाला 8 ते 12 टक्के ओलावा असलेलं लाकूड हवं. 20 च्या वर गेलं की बुरशीला आमंत्रण. ओलावा मोजायचं मीटर घ्या, अंगठ्याने दाबून "सुकलंय" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मी माल आला त्या दिवशी फळीच्या टोकाला तारीख आणि आकडा पेन्सिलीने लिहितो, कापायच्या आधी पुन्हा मोजतो. आकडा अजून सरकत असेल तर करवत लावत नाही. ओल्या प्लास्टरच्या खोलीत तर माल नेतच नाही. प्लास्टर सुकायला आठवडे लागतात, आणि त्यातलं पाणी जिथे कोरडं लाकूड दिसेल तिथे शिरतं.

थप्पी जमिनीपासून वीतभर वर. काँक्रीट कोरडं दिसलं तरी ओल ओढून वर देतं. दर थराला समान जाडीच्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, आणि पट्टीवर पट्टी एका ओळंब्यात. पट्टी चार बोटं इकडेतिकडे झाली की वरचं वजन फळीला मध्येच दाबतं, आणि तो बाक नंतर रंध्याने जात नाही. ताडपत्री फक्त डोक्यावर, कुशी उघड्या. टोकांना मेण किंवा जुना रंग फासा, कारण टोकं फळीच्या अंगापेक्षा खूप लवकर सुकतात आणि तिथूनच चिरा पळतात.

बाकीच्या चुका, ज्यांच्यावर वेळ घालवायची इच्छा नाही

दारं टेकवून ठेवू नका, आडवी ठेवा, आणि वरची-खालची कड आधी सीलरने बंद करा. ती दिसत नाही म्हणूनच सगळे विसरतात.

सनमायका चांगल्या तोंडाला चांगलं तोंड लावून, सपाट. ओढायचा नाही, उचलायचा.

व्हिनियर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) उन्हात अर्धवट झाकलेलं ठेवलं तर झाकणाची रेघ कायमची उमटते.

जुन्या फळ्यांतले खिळे उपटा, निदान वाकवा. चपलेवर काम करणाऱ्याला हे एकदाच सांगावं लागतं, दुसऱ्यांदा तो स्वतः सांगतो.

वाऱ्यात, गच्चीवर किंवा उघड्या मजल्यावर, एकट्याने पूर्ण शीट उचलू नका. ते शीड होतं, आणि तुम्हाला कुठे नेईल ते वारा ठरवतो.

थप्पीवर गिलाव्याचा माल कालवू नका. हो, हे लिहावं लागतं.

डबे आणि चिंध्या

रबरी सोल्यूशन आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. ती एका ठिणगीने पेटते, म्हणून ग्राइंडर दहा फुटांवर आहे असं म्हणून निर्धास्त राहू नका. डबे वेगळ्या, हवेशीर जागी, झाकण ठोकून, भुग्यापासून लांब.

आणि जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या. हे सांगितलं की नवी पोरं हसतात. ते तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकतं, सुकताना गरम होतं, आणि चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता बाहेर जात नाही. काडी न लावता काही तासांत पेट घेऊ शकतात, आणि तोवर साइट बंद करून सगळे घरी गेलेले असतात. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात टाका. माझ्या प्रत्येक कामावर असा एक डबा असतो. रंगारी तो ब्रश धुवायला पळवतात, म्हणून निघायच्या आधी शोधून जागेवर आणावा लागतो.