सोल्यूशनमुळे डोळा चुरचुरतो का? आधी हे तपासा

काँटॅक्ट लेन्स घातल्यावर दोनेक तासांनी डोळा लाल होतो, चुरचुरतो, आणि लेन्स ज्यात ठेवता त्या सोल्यूशनचा ब्रँड नुकताच बदललेला आहे? मग लेन्सच्या आधी सोल्यूशनवर संशय घ्या. मल्टिपर्पज सोल्यूशनमधलं (धुणं, जंतू मारणं, साठवणं सगळं एकाच द्रवात) पीएचएमबीसारखं जंतुनाशक रात्रभरात लेन्समध्ये मुरतं आणि दिवसा हळूहळू बुबुळावर उतरतं. काही सिलिकॉन हायड्रोजेल (मऊ लेन्सचा एक प्रकार) लेन्सशी त्याचं मुळीच जमत नाही. डॉक्टर डोळ्यात फ्लुरोसिन हा चमकणारा रंग टाकून निळ्या प्रकाशात बघतात तेव्हा बारीक हिरवे ठिपके दिसतात, पुष्कळदा कडेने गोलाकार. ते म्हणजे खरी इजा की पेशींवर बसलेलं रसायन, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. लेन्स घातल्यापासून दोन ते चार तासांत ठिपके ठळक असतात, संध्याकाळी विरलेले असतात. म्हणून तपासणीला लेन्स घालून दोन तासांनी जा, आणि बाटली सोबत न्या.

दुखणं, धूसर दिसणं किंवा उजेड सहन न होणं असेल तर प्रयोग करत बसू नका. लेन्स काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

दोष सोल्यूशनचाच निघाला तर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत बहुतेकांना मानवते, कारण शेवटी उरतं ते फक्त मिठाचं पाणी. पण इथे घाई चालत नाही. हात धुऊन कोरडे करा. लेन्स धुऊन (नळाच्या पाण्याने नाही) जाळीत ठेवा, उभ्या डबीत रेघेपर्यंत द्रव भरा, झाकण लावा. तळाची प्लॅटिनमची चकती पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करते, म्हणून बुडबुडे येतात. किमान 6 तास डबी उघडू नका. साध्या चपट्या डबीत हे कधीच ओतू नका: तिथे चकती नसते, पेरॉक्साइड तसंच राहतं आणि सकाळी डोळा भाजल्यासारखा पेटतो. तसं झालंच तर लेन्स लगेच काढा, डोळा भरपूर पाण्याने धुवा, दवाखान्यात जा. जखमेवर लावायचं पेरॉक्साइड तर लेन्सच्या जवळही आणू नका.

नव्या बाटलीबरोबर येणारी नवी डबीच वापरा, चकती कालांतराने निकामी होते. एकदा निष्प्रभ झालेल्या द्रवात जंतुनाशक उरत नाही, त्यामुळे लेन्स बरेच दिवस तशाच पडून राहिल्या तर घालण्याआधी पूर्ण प्रक्रिया पुन्हा करा.

मल्टिपर्पजवरच राहायचं असेल तर कालच्या द्रवात नवं घालून भर टाकू नका, रोज सगळं ओता. लेन्स तळहातावर 20 सेकंद चोळा. डबी तीन महिन्यांनी बदला, आणि नळाचं पाणी लेन्सला लावू नका. त्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव बुबुळात शिरला की उपचार महिनोन्‌महिने चालतात.