अर्धवट टाकलेले नूतनीकरण: दुसरा मिस्त्री बोलावण्याआधी

घराचे काम अर्ध्यावर टाकून ठेकेदार यायचा बंद झाला, की पहिल्या आठवड्यात आपण फोन करत राहतो, दुसऱ्या आठवड्यात चिडतो आणि तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी सुचवलेल्या नव्या मिस्त्रीच्या हाती किल्ली देऊन मोकळे होतो. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत महागात पडते. नवा मिस्त्री दोन दिवसांत आधीची फरशी उखडतो, सुताराने ठोकलेले सांगाडे काढतो, आणि आधीच्या ठेकेदाराने नेमके किती काम केले होते व त्यात काय चुकले होते, हे सांगणारा एकमेव पुरावा डेब्रिजच्या गोण्यांत भरून खाली जातो. आमच्या घरी हेच झाले. बाथरूमचे वॉटरप्रूफिंग फसले आहे, हे खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावरील ओल पाहून मला पक्के ठाऊक होते. परंतु कोबा फोडून झाल्यावर ते दुसऱ्याला दाखवण्यासाठी माझ्याकडे फोनमधला एक अंधुक फोटो तेवढा उरला होता. म्हणून या लेखातील बहुतेक मजकूर नव्या माणसाने घरात पाऊल ठेवण्याआधी काय करावे, याविषयी आहे.

मोजमाप

काम थांबले आहे तशाच अवस्थेत ते नोंदवून घ्यावे. प्रत्येक खोलीचा दारातून एक पूर्ण फोटो, मग प्रत्येक भिंतीचा, आणि मग दोषाचा जवळून, शेजारी मोजपट्टी धरून घ्यावा. त्याशिवाय मुख्य दारापासून गॅलरीपर्यंत मध्ये न थांबवलेला एक व्हिडिओ काढावा आणि चालता चालता तारीख व खोलीचे नाव मोठ्याने बोलावे. प्लायवुडवर लॅमिनेट चढण्याआधी त्यावरील शिक्क्याचा फोटो अवश्य घ्यावा. कोटेशनमध्ये पाण्यात टिकणारा, आयएस ७१० या भारतीय मानकाचा प्लाय लिहिलेला असतो आणि ओट्याखालच्या कपाटांना प्रत्यक्षात साधा, फक्त दमटपणा सोसणारा एमआर ग्रेडचा लावलेला असतो, हा प्रकार इतका सर्रास चालतो की तो तपासायचा असतो हेच अनेकांना माहीत नसते. कन्सील्ड पाइप आणि वायरिंग भिंतीत बुजण्याआधीचे फोटो असतील तर ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. नसतील, तर निदान अजून उघडे असलेले भाग टिपावेत.

मग कोटेशन समोर ठेवून त्यातील प्रत्येक बाबीपुढे ठरलेले परिमाण, झालेले परिमाण, दर आणि शेरा असा तक्ता करावा. फरशी चौरस फुटांत, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) रनिंग फुटांत, म्हणजे नुसत्या लांबीने, आणि विजेचे काम पॉइंटांत मोजावे. ‘हॉलचे काम अपुरे’ अशी नोंद कोणाच्याच उपयोगाची नसते. ‘हॉलमधील फरशी १८० चौरस फुटांपैकी १८० बसवली, स्कर्टिंग ५४ रनिंग फुटांपैकी शून्य, टाइल्समधील फटींत ग्राउट भरलेले नाही, खिडकीखालच्या चार टाइल्स टोकल्यावर पोकळ वाजतात’ अशी नोंद मात्र कोणताही अभियंता येऊन पडताळू शकतो. बाथरूमची शंका असेल, तर ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जाण्याची जाळी, बंद करून दोन-तीन इंच पाणी भरावे, पातळीची रेघ पेन्सिलने मारावी, चोवीस तास थांबावे आणि खालच्या शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या छताचे आधीचे व नंतरचे फोटो घ्यावेत. खाली आधीच पाणी टपकत असेल, तर ही चाचणी करू नये. त्यांच्या छताचे फोटो पुरेसे आहेत.

हा तक्ता तयार झाल्यावर एखाद्या स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याकडून किंवा आर्किटेक्टकडून पाहणी अहवाल घ्यावा. येथे पैसे वाचवण्यासाठी नव्या ठेकेदाराकडूनच अहवाल लिहून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण जुने काम जितके वाईट ठरेल तितके नवे काम मोठे होते आणि समोरचा वकील पहिला प्रश्न नेमका हाच विचारतो.

सोसायटीच्या गेटवरील रजिस्टरकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कोणत्या दिवशी किती मजूर आले, सामानाचा टेम्पो केव्हा आला, या नोंदी वॉचमनने रोज केलेल्या असतात आणि त्या तुम्ही किंवा ठेकेदाराने लिहिलेल्या नसल्यामुळे त्यांना वजन असते. सचिवांना अर्ज देऊन त्या पानांच्या सही-शिक्क्यानिशी प्रती घ्याव्यात.

घरात राहिलेले सामान आणि हत्यारे यांची यादी करून त्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. तुमच्या पैशाने आलेले सामान तुमचे. मात्र कटर, ड्रिल, शिड्या ठेकेदाराच्या किंवा त्याच्या कारागिरांच्या असतात. पैसे मिळेपर्यंत त्या अडवून ठेवण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकू नये. त्यामुळे तुमच्याविरुद्धच तक्रार होऊ शकते, आणि ज्या सुताराची मजुरी ठेकेदाराने बुडवली त्याचेच हत्यार तुम्ही धरून बसलेले असता. पावती घेऊन हत्यारे परत करावीत. तो सुतार तुमच्याकडेच मजुरी मागायला आला, तर सहानुभूती दाखवूनही त्याला एकच सांगावे: ठेकेदाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या वतीने पैसे देता येणार नाहीत.

हिशेब

येथे बहुतेक घरमालक स्वतःचेच नुकसान करून घेतात. दिलेल्या रकमेतून झालेल्या कामाची किंमत वजा करून उरलेले पैसे ते मागतात. समजा, करार ९,००,००० रुपयांचा होता, तुम्ही ७,२०,००० दिले आणि झालेले काम ५,१०,००० रुपयांचे भरते. या पद्धतीने मागणी २,१०,००० रुपयांची होते. पण उरलेले काम आजच्या दराने पूर्ण करायला ४,१०,००० आणि सदोष काम काढून पुन्हा करायला ९५,००० लागणार असतील, तर ठरलेले घर तुम्हाला एकूण १२,२५,००० रुपयांना पडते. ते ९,००,००० रुपयांत मिळायचे होते, म्हणून तुमचे खरे नुकसान ३,२५,००० रुपयांचे आहे. करारभंगाने जे नुकसान स्वाभाविकपणे होते त्याची भरपाई भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ नुसार मागता येते.

मात्र हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही प्रामाणिक असला पाहिजे. मधल्या काळात तुम्ही ४०,००० रुपयांचे जादा कपाट करून घेतले असेल, तर ठरलेली किंमत ९,४०,००० धरावी लागेल आणि मागणी २,८५,००० वर येईल. व्हिट्रिफाइड टाइल्स ठरल्या असताना आता इटालियन मार्बल घालून फरक मागता येत नाही, कारण नुकसान वाजवी मर्यादेत ठेवण्यासाठी तुम्ही काय केले हेही त्याच कलमाखाली पाहिले जाते. उरलेल्या कामासाठी दोन-तीन कोटेशने घ्यावीत आणि ती जुन्या कोटेशनच्याच बाबींनुसार मागावीत. टाइल्स निवडायला तुम्ही तीन आठवडे लावले असतील किंवा ठरलेला हप्ता उशिरा दिला असेल, तर तेही आपल्या टिपणात लिहून ठेवावे. ठेकेदाराचा बचाव तेथूनच सुरू होणार असतो.

रोखीने दिलेल्या रकमा हे या हिशेबातील सर्वांत दुबळे स्थान असते. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारापोटी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही, त्यामुळे मोठ्या रोख रकमेची कबुली ठेकेदार सहजासहजी देत नाही. ‘काल दिलेले ५० हजार धरून एकूण इतके झाले ना?’ असा साधा संदेश व्हॉट्सॲपवर पाठवून त्याच्याकडून ‘हो’ मिळवता आले, तर तीही नोंदच ठरते. असे संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवावे, पण मूळ फोनही विकू नये किंवा रीसेट करू नये. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

नोटीस

पहिले पत्र वकिलाचेच असले पाहिजे असे नाही. ते स्पीड पोस्टाने पोच मागवून पाठवावे आणि त्याच दिवशी ईमेल व व्हॉट्सॲपवरही द्यावे. भाषा थंड असावी. उदाहरणार्थ:

‘आपण दिनांक … च्या कोटेशननुसार माझ्या सदनिकेचे काम दिनांक … पर्यंत पूर्ण करण्याचे मान्य केले होते. मी आजवर एकूण ७,२०,००० रुपये दिले असून त्याचा तपशील सोबत आहे. दिनांक … पासून आपले कारागीर कामावर आलेले नाहीत. अपूर्ण व सदोष कामांचा तक्ता सोबत जोडला आहे. दिनांक … रोजी सकाळी ११ वाजता संयुक्त मोजमापासाठी आपण उपस्थित राहावे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत काम पुन्हा सुरू करून लेखी वेळापत्रक न दिल्यास मी करार संपुष्टात आणून उर्वरित काम अन्य व्यक्तीकडून करून घेईन व त्याचा फरक आपणाकडून वसूल करीन.’

संयुक्त मोजमापाची तारीख हा या पत्राचा गाभा आहे. ठेकेदार आला, तर तक्त्यावर त्याची सही घ्यावी. एखादी बाब त्याला मान्य नसेल, तर तसे त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे. तो आला नाही, तर अभियंता आणि दोन साक्षीदार यांच्या उपस्थितीत मोजमाप उरकावे आणि त्याची प्रत त्याला पाठवावी. ‘मला न सांगता काम तोडले’ असे मग त्याला म्हणता येत नाही.

पत्र मिळाल्यावर बरेच ठेकेदार परत येतात आणि बहुधा एकच वाक्य बोलतात: “साहेब, पन्नास हजार द्या, उद्यापासून माणसं लावतो.” त्याचे मजूर दुसऱ्या साइटवर अडकलेले असतात आणि तुमची उचल त्या साइटच्या सामानात गेलेली असते, हा धंदाच एकाच्या पैशाने दुसऱ्याचे काम उचलण्याचा आहे. तरीही त्याच्याकडूनच काम पूर्ण होणे अनेकदा स्वस्त पडते, म्हणून दार लावून घेऊ नये. फक्त पुढची उचल देऊ नये. सामानाचे पैसे थेट दुकानदाराला द्यावेत आणि मजुरी ठरलेला टप्पा पूर्ण झाल्यावर द्यावी. तो पैसे परत करायला तयार झाला, तर समझोता कागदावर आणावा आणि पुढील तारखांचे चेक घ्यावेत. चेक पुरेशा रकमेअभावी परत आला, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी करावी लागते, ती मिळाल्यावर पैसे भरायला त्याला १५ दिवस असतात, आणि त्यानंतर एका महिन्यात तुम्ही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली तक्रार करू शकता.

कोणाकडे जावे

महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, जाऊन उपयोग नाही. ते ज्या २०१६ च्या कायद्याखाली चालते, तो प्रकल्प विकणाऱ्या प्रवर्तकांसाठी (बिल्डरांसाठी) आहे, तुमच्या सदनिकेच्या नूतनीकरणाच्या ठेकेदारासाठी नाही. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ असे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक, आणि ते पुष्कळदा बरोबरही असते, कारण केवळ करार मोडणे म्हणजे फसवणूक नव्हे. फसवण्याचा हेतू पैसे घेतानाच होता हे दाखवावे लागते. खोट्या नावाने किंवा खोट्या पत्त्याने पैसे घेतले असतील, तर गोष्ट वेगळी.

राहण्यासाठीच्या घराच्या बाबतीत जिल्हा ग्राहक आयोग हा बहुतेकांना सोयीचा मार्ग आहे. घरबांधणी ही ‘सेवा’ ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच स्पष्ट केले आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या व्याख्येतही ते आहे. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. तुम्ही जेथे राहता तेथे ती दाखल करता येते आणि स्वतः बाजू मांडता येते. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर शुल्क नाही, १० लाखांपर्यंत ते २०० रुपये आहे. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरूनही करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहण्यास हरकत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ती काम थांबल्याच्या दिवसापासून मोजावी, शेवटच्या गोड आश्वासनापासून नाही. निकाल तीन महिन्यांत, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत लागावा असे कायदा सांगतो; प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक काळ जातो, हे धरून चालावे. एक अडचण मात्र लक्षात घ्यावी: तुम्ही स्वतः देखरेख करून रोजंदारीवर गवंडी लावला असेल, तर ती व्यक्तिगत सेवा होती आणि म्हणून कायद्याबाहेर आहे, असा आक्षेप येऊ शकतो. तेथे दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो आणि त्याची मुदत साधारणतः तीन वर्षे आहे. दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करून लोकअदालतीत तडजोड करता येते. तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते.

यातले काहीही चालू असताना घर मात्र तसेच ठेवावे लागत नाही. मोजमाप, अहवाल आणि नोटिशीची मुदत हे तिन्ही संपले, की नव्या मिस्त्रीला किल्ली द्यावी. उखडलेल्या सदोष भागाचे दोन-तीन तुकडे, म्हणजे कोब्याचा एखादा तुकडा किंवा शिक्का दिसणारी प्लायची पट्टी, तारीख लिहिलेल्या पिशवीत ठेवावेत. नव्या माणसाची बिले ‘दुरुस्ती’ आणि ‘उर्वरित काम’ अशी वेगवेगळी घ्यावीत, कारण आयोगापुढे ती दोन वेगळ्या मागण्यांचा आधार असतात. आणि त्याच्याशी करार करताना बाथरूम व गॅलरीच्या कामाचे शेवटचे पाच-दहा टक्के पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट घालावी. ज्याला आपल्या वॉटरप्रूफिंगची खात्री असते, तो थोडी कुरकुर करून ती मान्य करतो.