जर्मनीत शिकताना मार्चच्या सुट्टीत मित्रांसोबत युरोप फिरायचं तर

ठाणे, ऐरोली, वाशी, खारघरहून जर्मनीत मास्टर्सला गेलेल्या मुलांची पहिली मोठी सुट्टी मार्चच्या आसपास पडते. विद्यापीठात हिवाळी सत्राची लेक्चरं फेब्रुवारीच्या मध्यावर संपतात आणि पुढची एप्रिलच्या मध्यावर सुरू होतात. हॉखशूलेत (उपयोजित विज्ञानांच्या उच्च शिक्षणसंस्थेत) मात्र वर्ग मार्चच्या मध्यालाच भरतात. ग्रुपमध्ये दोन्हीकडची मुलं असतील, त्यातल्या एखाद्याची मार्चमध्ये फेरपरीक्षा असेल, तर सगळ्यांना जमणारे दहा-बारा दिवसच उरतात. म्हणून आधी तारखा ठरवा, मग कागद तपासा आणि शहरं सगळ्यांत शेवटी निवडा. बहुतेक ग्रुप याच्या उलट करतात. स्वस्त तिकीट दिसलं की काढून मोकळे होतात आणि मग ते तिकीट वाया जातं.

कागद

ऑक्टोबरमध्ये गेलेल्यांच्या पासपोर्टवरचा डी व्हिसा (जर्मनीत दीर्घ मुक्कामासाठीचा व्हिसा) साधारण तीन ते सहा महिन्यांचा असतो, म्हणजे ऐन सुट्टीच्या तोंडावर संपतो. रेसिडेन्स परमिटचं कार्ड तोवर आलं नसेल तर परदेशी नागरिकांचं कार्यालय फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद देतं. तो उघडून जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ च्या कोणत्या परिच्छेदावर खूण केली आहे ते बघा. परिच्छेद ३ वर असेल तर जर्मनीबाहेर पडू नका, कारण परत आत येण्याचा हक्क त्या कागदाने मिळत नाही. परिच्छेद ४ वर असेल तर पासपोर्ट आणि जुना व्हिसा सोबत ठेवून परत येता येतं. तरीही निघण्याआधी कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि त्याची प्रिंट जवळ ठेवा. उत्तर येत नसेल तर या सुट्टीत जर्मनीच फिरा. बर्लिन, हाम्बुर्ग, ड्रेस्डेन, म्युनिक एवढं बघायलाही दहा दिवस पुरत नाहीत.

कार्ड हातात असेल तर शेंगेनच्या (एकमेकांत नियमित सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या) बाकीच्या देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं. क्रोएशिया २०२३ पासून आणि रुमानिया-बल्गेरिया २०२५ पासून पूर्णपणे त्यात आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. डब्लिनची स्वस्त फ्लाइट दिसली की नेमका याचाच विसर पडतो. ग्रुपमधलं कुणी लंडनला शिकत असेल तर त्याला शेंगेन व्हिसा काढावा लागेल. त्याची फी ९० युरो, सोबत ३०,००० युरोंचं विमा संरक्षण, आणि अर्ज निघण्याआधी किमान १५ दिवस, जास्तीत जास्त सहा महिने. अपॉइंटमेंटच उशिरा मिळते, त्यामुळे त्याने जानेवारीतच सुरुवात करावी.

शेंगेनच्या आत सीमा उघड्या असल्या तरी साल्झबुर्गहून म्युनिककडे येणाऱ्या ट्रेनमध्ये पोलीस चढतात. मूळ पासपोर्ट आणि कार्ड खिशात हवं. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

आरोग्य विम्याचं एक कलम फार थोड्यांना माहीत असतं. जर्मन सरकारी विम्याच्या कार्डाची मागची बाजू युरोपात उपचारांसाठी चालते, पण भारतीय पासपोर्टवाल्यांना ती डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही. आल्प्समध्ये बर्फात पाय मुरगळला तर स्विस दवाखान्याचं बिल स्वतःच्या खिशातून जाईल. स्वित्झर्लंडला जाणार असाल तर वेगळा प्रवास विमा काढाच. मोबाइलचा डेटाही तिथे युरोपीय संघाच्या मोफत रोमिंगमध्ये येत नाही. सीमा ओलांडण्याआधी आपल्या प्लॅनमध्ये तो देश आहे का ते पाहा.

मार्ग

ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) महिन्याला ९९२ युरो सुटतात. घरभाडं आणि विमा गेल्यावर सहलीसाठी एकरकमी पैसे उरत नाहीत. नोव्हेंबरपासून दरमहा थोडे बाजूला काढलेत तरच घरी फोन करून पैसे मागवायची वेळ येत नाही. हे लक्षात घेऊन एकाच दिशेने जाणारा, जमिनीवरचा मार्ग निवडा. पॅरिस, रोम, बार्सिलोना एकाच दमात करायला गेलात तर निम्मी सुट्टी विमानतळांवर जाते.

पहिल्या सहलीसाठी आमची शिफारस म्युनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग, ड्रेस्डेन अशी आहे. साल्झबुर्गला एक रात्र, पुढच्या तीन शहरांत तीन-तीन. म्युनिकहून साल्झबुर्गपर्यंत रिजनल ट्रेनला डॉइचलँडटिकीट, म्हणजे जर्मनीभरच्या स्थानिक आणि रिजनल गाड्यांचा मासिक पास, चालतं (२०२६ मध्ये महिना ६३ युरो, अनेक विद्यापीठांत सेमिस्टर तिकिटातच येतं). त्यावर आयसीई किंवा ईसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांमध्ये बसलात तर टीसी दंड करणारच. पाहुण्या मित्रांकडे हे तिकीट नसेल तर बायर्न-टिकीट (बव्हेरिया राज्याचं एक दिवसाचं तिकीट) घ्या. ते पाच जणांपर्यंत एकत्र निघतं, साल्झबुर्गपर्यंत चालतं, सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी ९ नंतरच.

साल्झबुर्ग ते व्हिएन्ना अडीच तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. बुडापेस्ट ते प्राग मात्र सुमारे सात तास, त्यामुळे त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका आणि डबा सोबत घ्या. प्राग ते ड्रेस्डेनच्या ट्रेनमध्ये उजवीकडची खिडकी पकडा. एल्ब नदी बराच वेळ त्याच बाजूने सोबत करते.

लांब पल्ल्याची स्वस्त तिकिटं त्याच गाडीपुरती असतात. गाडी चुकली की तिकीट बाद. पण जर्मन रेल्वेच्याच उशिरामुळे मुक्कामी २० मिनिटं किंवा अधिक उशीर होणार असेल तर हे बंधन सुटतं आणि पुढची कुठलीही गाडी घेता येते. शेवटी ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, १२० मिनिटांना ५० टक्के परत मागता येतात. अॅपमधला उशिराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि ठाण्याच्या फलाटावरची धावत गाडी पकडायची सवय इथे सोडा. दारं सुटायच्या वेळेच्या थोडी आधीच बंद होतात आणि मग उघडत नाहीत.

विमानानेच जायचं तर तिकिटावरचं विमानतळाचं पूर्ण नाव वाचा. ‘पॅरिस बोव्हे’ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे, म्हणजे ठाण्याहून लोणावळ्याला उतरल्यासारखं. ‘फ्रँकफुर्ट हान’ तर १२० किलोमीटरवर. तिथल्या बसचं भाडं तिकिटात धरा, मग स्वस्त काय ते ठरवा. रायनएअर आणि विझएअरला मोफत बॅग ४० × ३० × २० सेंटिमीटरची, ईझीजेटला ४५ × ३६ × २० ची. कॉलेजची सॅक उंची-रुंदीत बसते, पण जॅकेट कोंबलं की जाडी २० च्या वर जाते आणि गेटवर मोठी रक्कम भरावी लागते. जॅकेट अंगात घाला. रायनएअरला युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांनी सिक्युरिटीला जाण्याआधी काउंटरवर कागदपत्रं तपासून घ्यायची असतात. ते न करता गेटवर गेलेल्यांना परत पाठवतात.

पैसे

हंगेरीत फोरिंट, चेकमध्ये कोरुना. एटीएममधून पैसे काढताना स्क्रीनवर एक प्रश्न येतो: रक्कम युरोत बदलून देऊ का? दर लिहिलेला असतो, खाली ‘ॲक्सेप्ट’चं ठळक बटण असतं आणि बाजूला ‘डिक्लाइन’. डिक्लाइन दाबा. व्यवहार रद्द होईल या भीतीने मुलं ॲक्सेप्ट करतात आणि वाईट दराने पैसे घेतात. डिक्लाइन केल्यावरही नोटा येतात, फक्त दर तुमच्या बँकेचा लागतो. दुकानातल्या कार्ड मशीनवरही स्थानिक चलनच निवडा. प्रागच्या रस्त्यावर ‘चांगला रेट देतो’ म्हणणाऱ्याशी बोलूसुद्धा नका.

मेट्रो-ट्रामचं कागदी तिकीट विकत घेतलं म्हणजे काम झालं असं नाही. प्राग, बुडापेस्ट, व्हिएन्ना तिन्हीकडे ते दाराशी किंवा गाडीतल्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो. तीन दिवस राहणार असाल तर प्राग आणि बुडापेस्टला ७२ तासांचा पास घ्या.

पुढे कधी पॅरिसला गेलात तर युरोपीय संघात राहणाऱ्या २६ वर्षांखालील सगळ्यांना लूव्र संग्रहालय मोफत आहे. त्यासाठी युरोपीय पासपोर्ट लागत नाही, रेसिडेन्स कार्ड पुरतं. मंगळवारी ते बंद असतं.

खाणं

हॉस्टेल निवडताना स्वयंपाकघर आहे का ते पाहा. नाश्ता आणि रात्रीचं जेवण तिथे केलंत तर खर्च निम्म्यावर येतो. घरून आलेल्या डब्यातलं मेतकूट, भाजणी, गोडा मसाला थोडा-थोडा छोट्या पिशव्यांत भरून न्या. भारतातून येताना मात्र साजूक तूप, पेढे, पनीर किंवा मांसाहारी लोणचं आणू नका. प्रवाशांना बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. कढीपत्त्याची ताजी पानं आणि हापूससुद्धा नाही. हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर आईने प्रेमाने बांधलेला डबा विमानतळावर टाकून द्यावा लागतो.

शाकाहारींनी सूपबद्दल विचारून घ्यावं, भाजीचं सूपही मांसाच्या पाण्यात उकळलेलं असतं. बुडापेस्टला लांगोश म्हणजे तळलेली मैद्याची भाकरी, वर आंबट साय आणि चीज. प्रागला स्माझेनी सीर, तळलेलं चीज. दोन्ही पोटभरीचं.

ईस्टरचे दिवस आधी बघा. २०२७ मध्ये गुड फ्रायडे २६ मार्चला आणि ईस्टर २८ ला आहे. जर्मनीत शुक्रवार, रविवार आणि सोमवार दुकानं बंद, फक्त मोठ्या स्टेशनांतली काही उघडी. गुरुवारीच सामान भरा. २८ तारखेच्या पहाटे २ वाजता घड्याळं ३ वर जातात. त्या सकाळची गाडी असेल तर एक तास कमी झोपायची तयारी ठेवा आणि घरी कळवा की भारताशी फरक आता साडेचारऐवजी साडेतीन तासांचा आहे.