खाद्यप्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना या चुका टाळा

खाद्यप्रवासाचे मार्गदर्शक पुस्तक उघडणारा वाचक बहुधा अनोळखी गावात, भुकेल्या पोटी आणि हाताशी थोडाच वेळ असताना निर्णय घेत असतो. पुस्तकातील एक जुना तपशील त्याचे त्या गावातील एकमेव जेवण वाया घालवू शकतो. म्हणून जुन्या आवृत्तीची नवी आवृत्ती करणे हे पहिली आवृत्ती लिहिण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे, असे मला मनापासून वाटते. हे काम बिघडते ते बहुतेक वेळा कोणती माहिती किती वेगाने जुनी होते, याचा अंदाज चुकल्यामुळे.

साऱ्या पुस्तकाला एकच तारीख

मुखपृष्ठावर ‘अद्ययावत आवृत्ती’ असे छापले की आतील प्रत्येक नोंद त्याच वर्षी तपासली गेली आहे, असे वाचक गृहीत धरतो. प्रत्यक्षात काही ठिकाणी लेखक स्वतः गेलेला असतो, काहींची चौकशी फोनवर झालेली असते आणि काही नोंदी मागच्या आवृत्तीतून जशाच्या तशा आलेल्या असतात. संपादकाच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीपुढे शेवटच्या पडताळणीची तारीख आणि पडताळणीची पद्धत हे दोन रकाने असलेच पाहिजेत. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात ठिकाणाच्या नोंदीला शेवटच्या तपासणीची तारीख जोडण्याची सोय आहे. तीच शिस्त पुस्तकाच्या तक्त्यालाही लावता येते. हा तक्ता तारखेप्रमाणे लावला की सर्वांत जुन्या नोंदी आपोआप वर येतात आणि पुढचा दौरा कुठून सुरू करायचा, हे निराळे ठरवावे लागत नाही.

सगळ्या तपशिलांचे आयुष्य सारखे मानणे

पत्ता वर्षानुवर्षे टिकतो, उघडण्याच्या वेळा हंगामाप्रमाणे सरकतात, दर त्याहून लवकर बदलतात. तरीही अनेक लेखक हे सारे एकाच परिच्छेदात गुंफतात, आणि मग एक आकडा दुरुस्त करण्यासाठी संपूर्ण परिच्छेद पुन्हा लिहावा लागतो. लवकर बदलणारी माहिती नोंदीखालच्या चौकटीत ठेवावी आणि मुख्य मजकुरात टिकाऊ वर्णन असावे. नेमक्या दरांऐवजी स्वस्त, मध्यम आणि महाग असे गट केल्यास पुस्तक अधिक काळ उपयोगी राहते. मात्र प्रत्येक आवृत्तीच्या वेळी त्या गटांच्या मर्यादा नव्याने ठरवाव्यात, अन्यथा दरवाढीबरोबर निम्मे पुस्तक हळूहळू ‘महाग’ गटात जाऊन बसते. ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘गेल्या वर्षापासून’ असे शब्द काढून तेथे साल लिहावे. चांद्र पंचांगाप्रमाणे येणाऱ्या सुट्ट्यांच्या बाबतीत सुट्टीचे नाव द्यावे, कारण इंग्रजी कॅलेंडरमधील तिची तारीख दर वर्षी वेगळी असते.

उघडे आहे म्हणजे पूर्वीचेच आहे, असे समजणे

सर्वांत घातक चूक हीच आहे. बंद पडलेल्या ठिकाणाची माहिती निदान दारातच कळते आणि वाचक दुसरीकडे वळतो. परंतु पाटी तीच, पत्ता तोच आणि भटारखान्यातील माणसे मात्र नवी, अशा ठिकाणी वाचक आपल्या शब्दांवर विसंबून आत जातो, पैसे मोजतो आणि पुस्तकात वर्णन केलेली चव शोधत राहतो. मालकी बदलणे, मुख्य आचारी सोडून जाणे, एकाच ठिकाणाच्या अनेक शाखा निघणे किंवा तयार माल बाहेरून मागवायला सुरुवात होणे, यांपैकी काहीही घडले तरी जुने वर्णन त्या दिवसापासून लागू राहत नाही.

हा बदल दुरून ओळखणे कठीण असले तरी अशक्य नाही. ऑनलाइन अभिप्रायांची सरासरी येथे फसवी ठरते, कारण अनेक वर्षांच्या जुन्या कौतुकाखाली अलीकडच्या काही महिन्यांच्या तक्रारी दबून जातात; म्हणून अभिप्राय नव्याकडून जुन्याकडे लावून वाचावेत. पदार्थांची यादी अचानक लांबली आहे का, ताज्या छायाचित्रांतील ताटे जुन्यांपेक्षा वेगळी दिसतात का, बिलावर दुसऱ्याच व्यवसायाचे नाव येऊ लागले आहे का, हे पाहावे. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या ठिकाणाच्या संकेतस्थळाच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतील, तर पदार्थांची यादी साधारण कधी बदलली तेही कळते.

फोनवरील चौकशीत प्रश्न कसा विचारला यावर उत्तराची किंमत ठरते. ‘तुम्ही सोमवारी बंद असता ना?’ असे विचारले तर गडबडीत असलेला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘आठवड्यातून कोणत्या दिवशी बंद असते?’ असे विचारल्यास त्याला स्वतःहून दिवस सांगावा लागतो. त्याचप्रमाणे ‘स्वयंपाक कोण पाहते आणि कधीपासून?’ हा प्रश्न दर वेळी विचारावा. उत्तरात नवे नाव आले, तर पत्ता आणि वेळा ठेवून चवीचे वर्णन मात्र पुन्हा तेथे जाऊन जेवेपर्यंत काढून टाकावे.

या बाबतीत एका गोष्टीला मुळीच सवलत नसावी. एखादा पदार्थ शेंगदाणे, दूध किंवा गव्हाविना केला जातो, असे विधान मागच्या आवृत्तीतून कधीही पुढे नेऊ नये. आचारी किंवा मालाचा पुरवठादार बदलला की ते खोटे ठरू शकते, आणि अ‍ॅलर्जी असलेल्या वाचकाच्या ते जिवावर बेतू शकते. ताजी, लेखी खात्री मिळाली नसेल तर ते विधान गाळावे आणि वाचकाने तेथे स्वतः विचारावे, असे स्पष्ट सांगावे.

नावावरून ओळख पटवणे, आणि न पाहिलेले छापणे

मोठ्या संस्थांच्या हातूनही अशा चुका झालेल्या आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये फ्रान्समधील बूर्ज शहरातील एका साध्या उपाहारगृहाच्या नावापुढे मिशेलिन या फ्रेंच उपाहारगृह-मार्गदर्शकाचा मानाचा तारा लागला. तो खरे तर पॅरिसजवळच्या बुतरविलिए येथील त्याच नावाच्या उपाहारगृहाचा होता, आणि दोन्ही रस्त्यांची नावेही मिळतीजुळती होती. असा घोळ टाळण्यासाठी प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक आणि अक्षांश-रेखांश द्यावेत, आणि दुरुस्ती करताना नाव शोधण्याऐवजी त्या क्रमांकाने नोंद उघडावी. त्याआधी मिशेलिनच्या २००५ सालच्या बेनेलक्स (बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग) आवृत्तीत बेल्जियममधील ओस्टेंड येथील एका उपाहारगृहाची शिफारस आली होती. पुस्तक छपाईला गेले तेव्हा ते उपाहारगृह सुरूच झालेले नव्हते, आणि त्या प्रती मागे घ्याव्या लागल्या. नव्या ठिकाणांच्या मागे धावताना हा मोह अनेकांना होतो. काही महिने चालून स्थिरावलेल्या ठिकाणाचीच नोंद घ्यावी, असे माझे मत आहे. त्यासाठी एखादे चांगले ठिकाण पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबले तरी चालेल.

वाचकांकडून येणाऱ्या सूचना मौल्यवान असतात, मात्र त्या थेट मजकुरात उतरवू नयेत. ‘ठिकाण बंद झाले’ ही सूचना कधी तात्पुरत्या दुरुस्तीमुळे, तर कधी स्पर्धकाच्या स्वार्थामुळेही येते. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन स्रोतांकडून दुजोरा मिळाल्यावरच ती मान्य करावी.

नोंद काढली, खुणा राहिल्या

बंद झालेल्या ठिकाणाचा परिच्छेद पुसल्यानंतरही त्याचा क्रमांक नकाशावर, नाव सूचीत आणि उल्लेख एखाद्या दिवसभराच्या भ्रमंतीच्या आराखड्यात शिल्लक राहतो. दुसऱ्याच ठिकाणाच्या पत्त्यात ‘त्याच्या शेजारी’ असे लिहिलेले असेल, तर तोही पत्ता निरुपयोगी होतो. म्हणून नोंद वगळण्यापूर्वी तिचे नाव संपूर्ण हस्तलिखितात शोधावे. तक्त्यातील ओळ मात्र पुसू नये. तिच्यापुढे बंद झाल्याची तारीख लिहून ती राखून ठेवावी, म्हणजे त्याच जागी त्याच नावाने कोणी नवा व्यवसाय थाटला तर जुने वर्णन चुकून परत येणार नाही.

छपाईची तारीख जवळ आल्यावर काही नोंदी तपासायच्या राहिलेल्याच असतात. त्यांतील ज्या ठिकाणासाठी वाचकाला मुद्दाम दूर जावे लागते, ती नोंद वगळावी. जी वाटेवर आहे, ती पडताळणीचे साल दाखवून ठेवावी. शेवटी निघणाऱ्या पुस्तकाला योग्य नावही द्यावे. किरकोळ दुरुस्त्यांसह काढलेले पुनर्मुद्रण जुन्याच आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावर निघते, तर मजकुरात लक्षणीय बदल झालेल्या नव्या आवृत्तीला नवा क्रमांक घ्यावा लागतो. केवळ फोन क्रमांक बदलले असतील, तर त्या पुस्तकावर ‘पुनर्मुद्रण’ असेच छापावे.