ट्रेलरची ठकठक कशी गेली
उरणहून कंटेनर घेऊन बोरघाट चढताना गिअर टाकला की मागून ठक्, ब्रेक मारला की परत ठक्, मला वाटलं किंगपिनच (ट्रेलरखालची जोडणीची पिन) गेली. घोडा (पुढची ओढणारी गाडी) सोडवला, फिफ्थ व्हीलवरचं (घोड्यावरची प्लेट, जिच्यात ही पिन अडकते) जुनं काळं ग्रीस डिझेलने पुसलं (त्यात वाळू इतकी की पॉलिश पेपरच), पिनला कॅलिपर लावला तर ४९.८ भरलं, २ इंची पिनला ४९ मिमीपर्यंत चालतं, म्हणजे पिन ओके, ढिला होता पिन पकडणारा जबडा. चेकनट सोडून जबड्याचा ॲडजस्टिंग बोल्ट थोडा थोडा फिरवला, नवीन ग्रीस भरलं, जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावून पहिल्या गिअरात ओढून बघितलं, लॉक टॉर्च मारून पाहिलं. आता आवाज नाही. क्लिनर म्हणतो, ठकठक नाही तर झोपच येत नाही.