तणस आणि तलावातल्या शेवाळापासून बायोइथेनॉल: शाळेच्या लॅबमध्ये कसं करायचं

धान मळून झालं की आमच्या भंडाऱ्याकडे तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीगच्या ढीग लागतात, बैलजोड्या कमी झाल्या त्यामुळे खाणारं कोणी उरलं नाही, मग लोक बांधीतच पेटवून देतात. मला हे पाहवत नाही. पानिपतला इंडियन ऑइलचा कारखाना 2022 च्या ऑगस्टात सुरू झाला, तो वर्षाला 2 लाख टन तणसातून 3 कोटी लिटर इथेनॉल काढायचा हिशोब धरून बांधलेला आहे, आणि आपण त्याच मालाला काडी लावतो. म्हणून अकरावी-बारावीच्या पोरांकडून हे करून घेतो.

यवतमाळ-अकोल्याकडचे विचारतात, पराटीचं, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचं काय? पराटी म्हणजे लाकूडच, लिग्निन (झाडाला कडक करणारा घटक) जास्त, लवकर फुटत नाही. बोंडअळीसाठी ती वेळेवर उपटाच पण तिचे ब्रिकेट (दाबून केलेले जळणाचे ठोकळे) केलेले बरे, सुरुवात तणसापासून करा.

100 ग्रॅम कोरडं तणस बारीक कापून मिक्सरमधून काढा. स्टीलच्या गंजात 1 लिटर पाणी घ्या, त्यात 20 ग्रॅम कॉस्टिक सोडा हळूहळू टाका, म्हणजे सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा पाहिजेच. जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) भांडं अजिबात नको, कॉस्टिक ते खाते आणि हायड्रोजन सुटतो. तणस टाकून मंद आचेवर तासभर उकळा, पाणी काळंभोर होते, ते लिग्निन सुटल्याचं लक्षण.

आता धुणं. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आणि प्रयोग बिघडतो तोही इथेच, आमचा पहिला असाच गेला, पोरांनी दोनदा धुवून सोडलं, पीएच 9 च्या वर राहिला आणि पुढं काहीच झालं नाही. फडक्यात बांधून पीएच पट्टी 7 दाखवेपर्यंत धूत राहा, सात-आठ पाणी लागतात. काळं पाणी नाल्यात सोडू नका, आधी सायट्रिक ॲसिडनं उदासीन करा.

शेवाळ मामा (माजी मालगुजारी) तलावातून आणा, रेशमाच्या धाग्यासारखं लांब हिरवं असते ते. निळसर हिरवा रंग सांडल्यासारखी साय असेल तर हात लावू नका, तिच्यात विष असू शकते. गाळ धुवून उन्हात वाळवा, कुटा. थोडं स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवून हिरवा रंग उतरवा आणि आयोडीनचा थेंब टाका, निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. शेवाळात लिग्निन नसल्यासारखंच, म्हणून ते कॉस्टिकमध्ये उकळायची गरज नाही.

धुतलेलं तणस आणि 20-25 ग्रॅम शेवाळ 700 मिली पाण्यात उकळून 50 अंशांवर आणा, सायट्रिक ॲसिडनं पीएच 5 करा, मग सेल्युलेज आणि अमायलेज ही एन्झाइमं पाकिटावर लिहिलेल्या मापानं टाका, ती तणसातलं सेल्युलोज आणि शेवाळातलं स्टार्च फोडून साखर करतात. दोन-तीन दिवस 50 अंशांवरच ठेवायचं, मधूनमधून हलवायचं. बियाण्याला लावतो ते ट्रायकोडर्मा आहे नं, त्याच्याच जातकुळीतल्या बुरशीपासून कारखान्यातलं सेल्युलेज बनते, हे सांगितलं की पोरांचे डोळे चमकतात.

गाळून 32 अंशांपर्यंत थंड करा, बाटलीत भरा आणि 3 ग्रॅम कोरडं यीस्ट टाका, ते साखर खाऊन इथेनॉल आणि वायू तयार करते. बाटलीचं बूच घट्ट लावू नका, सलाईनची नळी लावून दुसरं टोक पाण्यात बुडवा नाहीतर बाटली फुटेल. डिसेंबरात रात्री गारठा असतो तर बाटली धानाच्या कोंड्यात पुरून ठेवा.

इथेनॉल किती झालं हे मोजायला ऊर्ध्वपातन लागत नाही. 180 ग्रॅम ग्लुकोजमधून 92 ग्रॅम इथेनॉल बनते आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो, म्हणजे बाटली जितकी हलकी झाली जवळपास तितकंच आत इथेनॉल झालं. रोज काट्यावर ठेवा, सोबत यीस्ट न टाकलेली एक बाटली ठेवा म्हणजे वाफेचा फरक वजा करता येते. नुसत्या 100 ग्रॅम तणसातून कागदावर 20 ग्रॅमच्या आसपास निघते, हाती अर्धं लागलं तरी छान. तणसातली झायलोज नावाची साखर साधं यीस्ट खात नाही, तीही उरते.

इथंच थांबायचं. परवान्याशिवाय ऊर्ध्वपातन हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 खाली गुन्हा आहे, वर्धा-गडचिरोली तर दारूबंदीचेच जिल्हे. पेट्रोलमध्ये मिसळायला 99.5 टक्क्यांच्या वरचं लागते आणि साध्या ऊर्ध्वपातनानं 95-96 च्या पुढं जातच नाही, त्यामुळे गाडीत टाकायचा विचार सोडा. द्रावण कोणी चाखणार नाही याकडे स्वतः लक्ष ठेवा, उरलेला चोथा शेणखताच्या खड्ड्यात टाका.