खाजगी जेटवर काम करायचे असेल, तर आधी प्रवासी विमानात शिका

इंदूरमधल्या ज्या मराठी मुलामुलींना खाजगी जेटवर केबिन क्रू म्हणून काम करायचे आहे, त्यांनी आधी नियमित विमान कंपनीत दोन-एक वर्षे काढावीत, असे मला मनापासून वाटते. खाजगी जेटवर बहुधा एकच परिचारक असतो. धूर झाला किंवा प्रवासी बेशुद्ध पडला, तर केबिनमध्ये विचारायला दुसरे कोणी नसते. त्यामुळे सुरक्षा आणि प्रथमोपचाराचे शिक्षण अंगवळणी पडलेले असणे सर्वांत महत्त्वाचे.

दुसरे काम जेवणाचे. ते उड्डाणाआधी परिचारकालाच मागवावे, तपासावे आणि मांडावे लागते. समजा, इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून निघणाऱ्या पाहुण्यांनी पोहे मागितले, तर पोहे, शेव, कांदा आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) वेगवेगळ्या डब्यांत घ्यावे, कारण एकत्र बांधलेली शेव वर पोहोचेपर्यंत मऊ पडते. पोहे झाकून, थोडा पाण्याचा हबका मारून गरम करावेत आणि शेव ताटलीत वाढतानाच घालावी. घरी ओट्याच्या दोन फूट जागेत चार जणांचे पान वाढून विमानातल्या अरुंद जागेत वाढण्याचा सराव करता येतो.

अर्ज थेट नॉन-शेड्यूल्ड, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय मागणीनुसार विमाने चालवण्याचा परवाना असलेल्या कंपन्यांकडे करावा. त्यांची यादी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर मिळते. मुंबई किंवा दिल्लीत राहण्याची तयारी ठेवावी. नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.